नवव्या पलटणीचा हुकूम

शाळेत त्यांना सगळे खेळाच्या बाई म्हणत. गणिताच्या बाईंना फळा होता, भूगोलाच्या बाईंना नकाशे होते, यांना मैदान होतं. एकवीस वर्षं त्यांनी त्या मैदानावर रांगा लावल्या आणि कधी भोंगा हातात धरला नाही. आवाजच तसा होता. मैदानाच्या टोकाला पाण्याच्या टाकीमागे दडून बसलेली मुलंही तो कानावर पडला की आपसूक ताठ व्हायची.

मग एका वर्षी लांब उडीच्या खड्ड्याच्या कडेवरून पाय घसरला आणि गुडघा असा काही फिरला, की दोनदा चिरफाड करूनही तो पूर्वीच्या जागी बसला नाही. मुख्याध्यापकांनी फार गोड बोलून त्यांना मैदानावरून उचललं आणि साहित्याच्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथे चेंडूंत हवा भरायची, फाटकी जाळी शिवायला पाठवायची, नवा खेळाचा मास्तर आला की त्याला कपाटातून शिट्टी काढून द्यायची. बाईंना तेव्हा सत्तेचाळिसावं चालू होतं. आवाज जसाच्या तसा होता, फक्त ऐकायला समोर चेंडू होते.

गुडघा बांधून घरी पडल्या होत्या तेव्हा धाकटा दीर भेटायला आला. "वहिनी, छताकडे किती वेळ बघणार?" म्हणत त्याने घरातल्या संगणकावर एक खेळ टाकून दिला, कानाला हेडफोन चढवले आणि दोन दिवस शिकवून निघून गेला. स्वतः तो महिन्याभरात त्या खेळाला विसरला. बाई राहिल्या.

खेळ जुन्या काळच्या लढाईचा. शे-दोनशे माणसं आपापल्या घरी बसून एकाच मैदानावर उतरतात, पडद्यावर प्रत्येकाचा एकेक शिपाई. बंदूक अशी की एकदा झाडली की पुन्हा भरायला दहा-बारा सेकंद जातात आणि एकट्याची गोळी कुणाला लागेल तर शपथ. म्हणून खांद्याला खांदा लावून रांगेत उभं राहायचं, समोरच्या रांगेवर चालत जायचं आणि पुढाऱ्याचा हुकूम कानात आला की सगळ्यांनी एकदम फैर झाडायची. हुकमाआधी चाप ओढायचा नाही, शेजारचा पडला तरी. आणि जो मेला तो डाव संपेपर्यंत मेलेलाच. गप्प बसून बघत राहायचं.

पहिल्याच दिवशी बाई जिथे भरती झाल्या ती नववी पलटण म्हणजे नुसता गोंधळ होता. पुढारी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता, शिपाई वाटेल तिकडे तोंड करून उभे. तीन डाव बाईंनी दात-ओठ खात सहन केले. चौथ्याला राहवलं नाही.

"ही रांग आहे की दोरीवर वाळत घातलेले कपडे?" त्या कडाडल्या. "उजवीकडे बघा! अंतर घ्या! कोण तो मागे कुंपणावर चढलाय? खाली उतर!"

तो उतरला. बत्तीस माणसं एका झटक्यात सरळ झाली. जुना पुढारी आठवड्याभरात आपण होऊन बाजूला झाला आणि सुटल्यासारखा हसलाही.

पुढच्या सात वर्षांत बाईंनी नुसती पलटण नाही, अख्खा रविवार उभा केला. पलटणींचे आकडे नावापुरतेच, प्रत्यक्षात रविवारी दुपारी चार वाजता सहा पलटणींची लढाई, वर्षाचे बावन्न रविवार. वरून दिसायला खेळ, पण आत काम शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाइतकं. सोमवारी सहाही पुढाऱ्यांना विचारायचं, तुमचे किती येणार. ते पन्नास सांगणार आणि तीस आणणार, हे धरून गुरुवारी दोन बाजू करायच्या. तोफा कुणाला, घोडे कुणाला, यावर शुक्रवारी रुसवेफुगवे. शनिवारी मैदान ठरवायचं. टेकडी एकाच बाजूला आली की दुसरी बाजू तोंड फुगवणार. बाईंनी नियमांचं अठरा पानी पुस्तक स्वतः लिहिलं आणि हजेरीसाठी शाळेतल्यासारखी लांबट वही घातली.

नवरा पाण्याचे मीटर वाचायच्या कामावर. आठवडाभर दुसऱ्यांच्या जिन्यांखाली वाकून वाकून रविवारी तो आडवा असायचा आणि नेमकं तेव्हाच आतल्या खोलीतून "फैर!" यायची. चारेक वर्षांपूर्वीपर्यंत तो चेष्टा करायचा. "आज किती मेले?" "सतरा." "मग चहा कमीच टाकतो." पुढे त्याने विचारणं सोडलं आणि रविवारी दुपारी तो बाहेर जायला लागला. कुठे, ते बाईंनीही विचारलं नाही.

पलटणीत बाईंचा उजवा हात म्हणजे कुलूप. चाव्या बनवायचं त्याचं छोटं दुकान होतं, याच शहरात, मोठ्या टपाल कचेरीच्या मागे. पण टोपणनाव पडलं ते फक्त धंद्यावरून नाही. तो बोलताना अडखळायचा. एखादा शब्द असा अडकायचा की ऐकणाऱ्याच्याच घशात दुखावं. त्यामुळे सगळं लिहून सांगायचा. हजेरी घ्यायचा, कोण कुणाशेजारी उभा राहणार ते लावायचा आणि पंचांकडे तंटा गेला तर पुरावा हवा म्हणून प्रत्येक लढाई आवाजासकट साठवून ठेवायचा. सात वर्षांत बाईंनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. एकदा त्यांनी भेटू या म्हटलं, तेव्हा त्याने लिहिलं, "समोर माणूस आला की जास्त अडकतं, बाई. असंच बरं आहे." बाईंनी पुन्हा विषय काढला नाही.

एकदा ऐन लढाईत त्याला झाडीतून येणारे घोडेस्वार दिसले. लिहायला वेळ नव्हता. "बा-बा-बा..." "बाई, डावीकडे" एवढं तोंडातून निघायच्या आतच डावी बाजू कापली गेली. कानाकानांत खसखस पिकली. बाईंनी ती एका वाक्यात विझवली. "जे हसले ते पुढच्या डावात पहिल्या रांगेत." आणि मग हळू आवाजात, "बोल रे. पूर्ण कर तुझं. मी थांबलेय." तो वाक्य पूर्ण करेपर्यंत त्या खरोखर थांबल्या, डाव सुरू होता तरी. त्यानंतर कुलपाने एकही रविवार चुकवला नाही. ताप असला तरी यायचा.

आणि मग आवाज बसायला लागला. आधी रविवारची रात्र, मग सोमवार, मग आठवडाच. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं, पडद्यावर दाखवलं. स्वरयंत्राच्या दोन्ही पडद्यांवर गाठी.

"गाता का?"

"नाही."

"मग इतक्या मोठ्याने कुणाशी बोलता?"

"शाळेत आहे," बाई म्हणाल्या.

शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे एक शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. बाईंनी कुलपाला लिहिलं, "सहा रविवार सांभाळ." त्याचं उत्तर आलं, "सांभाळतो. तुमची जागा तुमचीच."

दोन रविवार बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं आणि संगणकाकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या रविवारी राहवेना. नुसतं बघू, म्हणून चार वाजता हेडफोन चढवले. नववी पलटण धुक्यातून पुढे येत होती आणि कानात बाईंचाच आवाज होता, जुना, खणखणीत. "पलटण, थांब! दोन रांगा! नेम! फैर!"

बाईंचा हात नकळत गळ्याकडे गेला.

कुलपाने साठवलेल्या लढायांमधून त्यांचे हुकूम एकेक करून कापून काढले होते, एकूण त्रेचाळीस, आणि प्रत्येक हुकमाला एक बटण नेमून दिलं होतं. बटण दाबलं की बाई ओरडणार. कधी खोकला नाही, कधी चिडचिड नाही, कधी अर्धा क्षण उशीर नाही. पलटण इतकी सुरेख चालत होती की बाईंना मान्य करावं लागलं. त्यांनी लिहिलं, "छान केलंस." लिहिताना ते खरंही होतं. सहाच आठवड्यांचा तर प्रश्न.

सहा आठवड्यांनी आवाज आला, पण दुसराच कुणाचा तरी. पत्र्याच्या डब्यातून खडे ओतावेत तसा, मध्येच तुटणारा, जाडाभरडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलता येईल. ओरडता येणार नाही. आता वयही आहे." घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो बूट काढता काढता म्हणाला, "मला फारसा फरक कळला नाही. घरात तू तो आवाज कुठे वापरलास? सगळा तिकडेच खर्च केलास." भांडणाचा सूर नव्हता. मीटरवरचा आकडा वाचावा तसं म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

त्या रविवारी बाई पलटणीपुढे उभ्या राहिल्या. सगळ्यांनी "बाई आल्या, बाई आल्या" केलं. पहिल्या डावात "नेम" कसाबसा निघाला आणि "फैर" फुटलीच नाही. निम्म्यांनी बंदुका झाडल्या, निम्मे वाट बघत राहिले, आणि दोघेही मेले. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्याआधी पलटणीतला एकजण बोलला. तो टपाल वाटायचा, म्हणून त्याला सगळे टपाल म्हणत. मनाने सरळ माणूस.

"बाई, एक सुचवू? तुम्ही नुसतं कुलपाला सांगत जा. तो बटण दाबेल. म्हणजे हुकूम तुमचाच राहील, नाही का?"

आणि चाळीस-पन्नास गळ्यांतून एकदम सुटकेचा श्वास निघाला. बाईंनी तो स्पष्ट ऐकला.

लढाई संपल्यावर त्यांनी कुलपाला थांबवून घेतलं. "ते हुकूम पुसून टाक."

मग तो लिहायचं सोडून स्वतः बोलला. "प-प-पलटण चालतेय, बाई."

"माझा आवाज आहे तो."

"म-मला दुसरा न-नाही."

"तुला नसेल. पण तो तुझा नाही ना!"

"प-पलटणीला वि-विचारू," तो म्हणाला. सात वर्षांत पहिल्यांदाच त्याने बाईंचं ऐकलं नव्हतं.

पुस्तकातला नियम बाईंचाच. मत द्यायचं तर पलटणीने एका रांगेत उभं राहायचं, ज्यांना हवं त्यांनी एक पाऊल पुढे यायचं. कुलपाने पुढारी व्हावं आणि बटणं राहावीत, असा प्रश्न होता. सत्तेचाळीस माणसं हजर होती. एक्केचाळीस पुढे आली, एकदम, एकाच पावलात. नवी रांग इतकी सरळ होती की बाईंना स्वतःच्या शिकवणीचा राग आला.

बाई त्या आठवड्यात शाळेत चेंडूंत हवा भरत राहिल्या, जरुरीपेक्षा जास्त. दोन फुटले. पलटण हातातून गेली होती, पण रविवार अजून त्यांचा होता. लढाई भरवणाऱ्या त्याच होत्या. त्यांनी सहाही पुढाऱ्यांची बैठक बोलावली आणि नियमांच्या पुस्तकात एक नवी ओळ मांडली. हुकूम पुढाऱ्यानेच द्यायचा, स्वतःच्या तोंडाने, त्याच क्षणी. साठवलेला आवाज चालणार नाही. बाकीचे पाचजण नवव्या पलटणीकडून दोन महिने मार खात होते. त्यांनी लगेच होकार दिला. कुलूप बैठकीत होता.

बैठकीनंतर बाईंनी त्याला वेगळं गाठलं. "पलटण घेतलीस ना? मग पुढारीपण पूर्ण घे. नाहीतर शनिवारच्या आत दुसऱ्याचं नाव दे."

त्यांना वाटलं होतं, तो टपालचं नाव देईल, किंवा पुढारीपण आपल्यालाच परत करेल. हे न्यायाचं आहे असं त्या स्वतःला बजावत होत्या. पण शनिवारी यादी आली तेव्हा नवव्या पलटणीपुढे कुलपाचंच नाव होतं, आणि ते वाचून बाईंना जो आनंद झाला तो न्यायाचा नव्हता. तो त्यांना ओळखता आला. तरीही त्यांनी यादी पुढे पाठवली.

रविवारी चार वाजता बाई साधा शिपाई म्हणून पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाला उभ्या होत्या. एकशे ऐंशी माणसं मैदानात होती, आणि पुढाऱ्यांचा हुकूम जवळपासच्या शत्रूलाही ऐकू जातो अशी त्या खेळाची रचना.

"प-पलटण... च-चाल!"

चालली. बरी चालली. शिपाई त्याला सांभाळून घेत होते, पावलं हळू टाकत होते. समोर शत्रूची रांग दिसली, पन्नास पावलांवर.

"थ-थांब!"

थांबली. आता दोनच शब्द राहिले होते.

"ने... ने... ने..."

कुणी चाप ओढला नाही. हुकमाशिवाय चाप नाही, हे बाईंनी सात वर्षं घोटून घेतलं होतं. समोरची फैर आली. रांगेतली माणसं पडली, मोकळ्या जागा मागच्यांनी भरल्या, पुन्हा बंदुका रोखल्या आणि वाट पाहत उभी राहिली.

"ने... ने..."

समोरून कुणीतरी शेळीसारखं "नें-नें-नें" केलं. मग आणखी एकाने. मग दोन्ही बाजूंना हसू फुटलं. मेलेले शिपाईसुद्धा हसत होते.

बाई अजून उभ्या होत्या. बोट बोलायच्या बटणावर होतं. तुटका का होईना, "नेम" निघाला असता. आजूबाजूच्या दहाबारा जणांना तरी ऐकू गेला असता. निदान "गप्प बसा" म्हणता आलं असतं. त्यांनी बटण दाबलं नाही. त्या ऐकत राहिल्या, आणि ऐकता ऐकता त्यांचाही शिपाई पडला.

दुसऱ्या डावाला कुलूप नव्हता. खेळ बंद करून गेलेल्याचं होतं तसं पडद्यावरच्या हजर लोकांच्या यादीतलं त्याचं नाव फिकट झालं आणि तसंच राहिलं.

रात्री टपालचा निरोप आला. आठवडाभर कुलूप दुकानात चावी कापायचं यंत्र चालू ठेवून, त्या आवाजाआड हुकमांचा सराव करत होता. शुक्रवारी त्याने टपालला फोनवर सगळे हुकूम न अडखळता म्हणून दाखवले होते. खाली टपालने लिहिलं होतं, "पूर्वी तुम्ही हसणाऱ्यांना पहिल्या रांगेत उभं करायचात, बाई." बाईंनी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि पाठवलं नाही.

पलटण तुटली. मोठा गट दुसऱ्या पलटणीत गेला, काहींनी खेळच सोडला. उरलेल्या नऊजणांनी बाईंना म्हटलं, "आता तुम्हीच घ्या." नऊ माणसांना हुकूम द्यायला फार आवाज लागत नाही. बाईंनी एक रविवार दिलाही. नंतर त्यांनी नियमांचं पुस्तक आणि बैठकीचा कारभार चौथ्या पलटणीच्या पुढाऱ्याकडे सोपवला, हजेरीची लांबट वही माळ्यावर टाकली. त्यांच्यावाचून लढाई एका रविवारीही अडली नाही. नवऱ्याने दोन-तीन रविवार गेल्यावर विचारलं, "संपलं का तुमचं युद्ध?" बाई "हो" म्हणाल्या. त्यावर त्याला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं, पण दोघांनाही सवय राहिली नव्हती. तो नेहमीप्रमाणे बाहेर गेला.

कुलपाला बाईंनी चार निरोप पाठवले. ते वाचलेच गेले नाहीत. शेवटी एका बुधवारी शाळा लवकर सुटली तशा त्या टपाल कचेरीच्या मागच्या गल्लीत गेल्या. चप्पल दुरुस्तीच्या टपरीला लागून खांद्याएवढ्या रुंदीचं दुकान. भिंतभर खिळ्यांवर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, मध्ये यंत्र, आणि यंत्रामागे पस्तिशीचा एक माणूस, कपाळावर केस, बोटांवर पितळेचा भुगा.

"क-काय हवंय, मावशी?"

बाईंनी येताना शंभर वाक्यं जुळवली होती. हातात साहित्याच्या खोलीची चावी होती, ती पुढे केली. "याच्या दोन करून हव्यात."

त्याने चावी उजेडात धरून पाहिली आणि मान डोलावली. त्यांचा आवाज, जुना आणि हा तुटकाही, त्याने ऐकला होता, सगळ्या पलटणीत सर्वांत जवळून, सर्वांत जास्त. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. यंत्र सुरू झालं. बाई फळीला टेकून उभ्या राहिल्या. यंत्र थांबलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला जरा... तुमच्याशी एक..." आणि आवाज तुटला. पुन्हा जुळवला, पुन्हा तुटला.

त्याने हातातली कानस खाली ठेवली. घाई केली नाही, शब्द पुरवला नाही. त्यांच्याकडे बघत, वाक्य पूर्ण होईपर्यंत शांत थांबला.

बाईंना ते थांबणं सोसलं नाही.

"नाही लागल्या चाव्या, तर?" त्या म्हणाल्या.

"त-तर परत आणा. घ-घासून देईन." मग त्यांच्या गळ्याकडे बघून, "पा-पाणी देऊ का?"

"नको."

पैसे दिले, चाव्या घेतल्या, गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या आणि तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. मागे यंत्र पुन्हा सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साहित्याच्या खोलीचं दार लावून दोन्ही चाव्या लावून पाहिल्या. एक, मग दुसरी. दोन्ही लोण्यासारख्या फिरल्या. परत जायला काही कारणच राहिलं नाही.